अधलेमधले पत्ते कधी टाकावेत

पत्ते टाकून डावातून बाहेर पडायचे की राहायचे, हा निर्णय तिरट, रमी आणि पोकर या तिन्ही खेळांत प्रत्येक डावाला घ्यावा लागतो आणि त्यावर सगळ्यांत कमी विचार होतो. भूम तालुक्यातल्या ईटसारख्या गावात दिवाळीत बसणारा तिरटचा डाव असो, लग्नघरी रात्र काढायला मांडलेली तेरा पत्त्यांची रमी असो, की पणजीला मांडवीत उभ्या असलेल्या कॅसिनोच्या बोटीवरचे पोकरचे टेबल असो, सल्ला एकाच वळणाचा ऐकू येतो: पत्ता हलका असेल तर टाका, भारी असेल तर खेळा, मधला असेल तर थोडी हिंमत दाखवा. यातले पहिले दोन भाग कुणाला सांगावे लागत नाहीत. तिसरा भाग चुकीचा आहे.

अधल्यामधल्या पत्त्यांचा निर्णय पत्त्यांच्या वजनावर होत नाही. तो तीन गोष्टींवर ठरतो. शेवटपर्यंत राहायला अजून किती मोजावे लागेल, जिंकल्यास मधले किती हाती येईल, आणि समोरचा कोणते पत्ते घेऊन टिकतो. या तिन्ही गोष्टी मांडल्या की लहान आणि ठरीव रकमेच्या खेळांपुरता एक निष्कर्ष निघतो, आणि तो रूढ समजुतीच्या अगदी उलट आहे: असे पत्ते सुरुवातीला सढळ हाताने टाकावेत आणि मधला ढीग मोठा झाल्यावर शेवटी सहसा टाकू नयेत. बहुतेक खेळणारे स्वस्त आहे म्हणून सुरुवातीला शिरतात आणि शेवटच्या चालीला धीर सोडतात.

घरच्या खेळांत बाहेर पडण्याची सोय नाही

मराठी घरांत मूल पत्ते शिकते ते बदाम सात, झब्बू, पाच-तीन-दोन आणि मेंढीकोट या खेळांतून. या चारही खेळांत आलेल्या पत्त्यांनिशी डाव निभवावा लागतो. मेंढीकोटात हातात एकही हुकूम नाही म्हणून कुणाला उठून जाता येत नाही. जोडीदार समोर बसलेला असतो आणि वाईट पत्त्यांतूनही एखादी दश्शी वाचवण्यातच खेळाडूचे कसब मानले जाते. झब्बूतही गड्डा अंगावर आला तरी खेळायचेच असते. अशा खेळांत वाढलेल्या माणसाला पत्ते टाकणे म्हणजे पळ काढणे वाटले तर नवल नाही.

तिरट, रमी आणि पोकर यांची रचना वेगळी आहे. इथे प्रत्येक टप्प्यावर बाहेर पडण्याची मुभा आहे आणि तिची किंमत नियमातच ठरलेली आहे. ही मुभा न वापरणारा खेळाडू नियमाने दिलेली निम्मी साधने बाजूला ठेवून खेळतो. हिमतीचा प्रश्न येतो तो यानंतर, आणि आला तरी शेवटच्या टप्प्यावर येतो.

तिरट: एक हजारात किती

मराठवाड्यात तीन पत्तीला तिरट म्हणतात. जुगाराच्या छाप्यांच्या बातम्यांतही हाच शब्द असतो. बावन्न पत्त्यांतून तीन पत्त्यांचे २२,१०० वेगवेगळे हात होतात. त्यांत ट्रेल म्हणजे तिन्ही पत्ते सारखे असलेले हात ५२, प्युअर सिक्वेन्स, म्हणजे एकाच चिन्हाचे लागोपाठचे पत्ते, ४८, साधी सिक्वेन्स ७२०, कलर १,०९६ आणि जोडीचे हात ३,७४४. उरलेले १६,४४० हात नुसत्या वरच्या पत्त्याचे. म्हणजे हजारातले सुमारे ७४४ हात जोडीपर्यंतही पोचत नाहीत.

या आकड्यांवरून एक गोष्ट लगेच दिसते. दुर्रीची जोडी ही सगळ्यांत लहान जोडी, तरीही ती समोरच्या एकट्या, न पाहिलेल्या हातावर शंभरपैकी ७४ वेळा मात करते. समोर चौघे असतील तर मात्र ती चौघांवरही भारी ठरण्याची शक्यता ३० टक्क्यांच्या आसपास येते. पत्ते तेच आहेत, माणसे वाढली. एक्का वर असलेल्या हाताचेही तसेच. असा हात उरलेल्यांपैकी किमान ५७ टक्के हातांना हरवतो, पण पाच जणांच्या डावात त्यातल्या सगळ्यांत हलक्या हाताची शक्यता दहातून एकावर येते. मधला हात कोणता, असे कुणी विचारले तर उत्तर राजा वर असलेला हात हे आहे, कारण सगळे हात उतरत्या क्रमाने मांडले तर बरोबर मध्यावर तोच येतो. राजा पाहून डोळे चमकणाऱ्या खेळाडूला सरासरीच पत्ते आलेले असतात.

चाल एक नसते

किमतीचा हिशेब करताना बहुतेक खेळणारे समोरची एकच चाल मोजतात. समजा पाच जण बसले आहेत आणि प्रत्येकाने १ रुपया बूट, म्हणजे डाव सुरू करतानाची रक्कम, टाकला. मध्ये ५ पडले. पत्ते पाहिलेल्याला ब्लाइंड, म्हणजे न पाहता, खेळणाऱ्याच्या दुप्पट चाल करावी लागते, म्हणजे २. ‘दोन रुपयांत पाच मिळतायत’ असा हिशेब मनात होतो आणि हात पुढे जातो. पण तिरट दोन रुपयांवर थांबत नाही. एका गड्याशी गाठ पडून तिसऱ्या चालीला शो झाला, म्हणजे दोघांनी पत्ते उघडले, तर दोघांचे सहा-सहा आणि बुटाचे पाच असे १७ मध्ये असतात आणि त्यांतले ६ स्वतःचे असतात. खर्च वसूल व्हायला शंभरपैकी किमान ३५ वेळा जिंकावे लागते. आणखी कुणी मध्ये टिकून असेल तर शो मागता येत नाही, आणि किंमत कुठे थांबेल ते सांगता येत नाही. म्हणूनच अधल्यामधल्या पत्त्यांची किंमत पहिल्या चालीला ठरवावी लागते. तिसऱ्या चालीला ती बरीचशी दिलेली असते.

टिकणारा कोण

आता तिसरी गोष्ट. समोरचा हात न पाहिलेला असला तरी तो कोणताही नसतो. टिकून राहून तो स्वतःविषयी काहीतरी सांगत असतो. वरच्या उदाहरणातला गडी पत्ते पाहून एक्का किंवा त्याहून भारी असेल तरच खेळतो असे समजू. असे हात एकूण ९,५००. त्यांतले ३,८४० एक्क्याचे आणि ५,६६० जोडी किंवा त्याहून मोठे. दुर्रीची जोडी त्याच्याविरुद्ध १०० पैकी साधारण ४० वेळा जिंकते. अनोळखी हाताविरुद्ध ७४ आणि या माणसाविरुद्ध ४०. गरज ३५ ची होती, म्हणजे चाल करणे जेमतेम परवडते. हाच गडी जोडीखाली कधी चाल करत नसेल, तर दुर्रीची जोडी जवळजवळ कधीच जिंकत नाही आणि ती पहिल्याच चालीला टाकणे हाच शहाणपणा. तो सरसकट सगळ्या हातांवर खेळत असेल, तर तीच जोडी घेऊन शोपर्यंत जायला हरकत नाही.

पत्त्यांत काहीच बदलले नाही, तरी तीन माणसांसमोर तीन वेगवेगळे निर्णय बरोबर ठरले. ‘जोडी आली की खेळायचे’ हा नियम म्हणून पुरेसा पडत नाही. समोरचा काय टाकतो हे पाहण्याला स्वतःच्या पत्त्यांकडे पाहण्याइतकेच महत्त्व आहे, आणि गावच्या डावात तर ते सोपेही असते, कारण तीच पाच-सहा माणसे वर्षानुवर्षे समोर बसतात.

रमी: बाहेर पडण्याची किंमत नियमात लिहिलेली

रमी या प्रश्नाचा सगळ्यांत स्वच्छ नमुना आहे, कारण तिच्यात बाहेर पडण्याला ठरलेली किंमत आहे. प्रचलित पॉईंट रमीत पहिला पत्ता उचलण्याआधी ड्रॉप घेतला तर २० गुण, मध्येच घेतला तर ४०, आणि हरल्यावर जास्तीत जास्त ८०. प्युअर सिक्वेन्स लागली नसेल तर हातातले सगळे पत्ते मोजले जातात आणि एक्का, राजा, राणी, गुलाम यांचे दहा-दहा.

वीस गुण देऊन सुटायचे की खेळायचे? खेळून हरल्यास सरासरी ५० गुण जातील आणि जिंकल्यास एकट्या प्रतिस्पर्ध्याकडून सरासरी ३० मिळतील असे धरले, तर खेळण्यासाठी किमान साडेसदतीस टक्के वेळा जिंकायला हवे. हा आकडा पन्नासच्या बराच खाली आहे. म्हणजे दोघांच्या डावात थोडे वाईट पत्तेही खेळण्याजोगे असतात, कारण टाकणेही फुकट नाही. सहा जणांच्या डावात पाचही जणांचे गुण जिंकणाऱ्याला मिळतात. प्रत्येकी ३० धरले तर १५०. तेव्हा शंभरात १५ वेळा जिंकणे पुरते, आणि सहा जणांत प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी सुमारे १७ वेळा जिंकणे येतेच. या हिशेबाने वाटेल की रमीत ड्रॉप क्वचितच घ्यावा.

पण इथे एक खाच आहे, आणि ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते. वाईट पत्ते जिंकण्याची शक्यता तर कमी करतातच, शिवाय हरल्यावर जाणारे गुणही वाढवतात. तीन-चार चित्रे सुटी आणि प्युअर सिक्वेन्सचा पत्ता नाही अशा हातात हार सरासरी ६५ गुणांची पडली, तर सहा जणांच्या डावात गरज पंधरावरून एकवीसवर जाते आणि त्याच वेळी प्रत्यक्ष शक्यता सतराच्या खाली घसरलेली असते. दोन्ही बाजूंनी मार बसतो. म्हणून रमीत ‘जोकर आहे ना, बघू’ हा विचार अपुरा आहे. पहिला प्रश्न प्युअर सिक्वेन्सचा असावा, कारण ती लागली की हरल्यावरचे गुण निम्म्याने उतरतात आणि जोकर तिला उपयोगी पडत नाही.

ती लागण्याची वाट किती रुंद आहे हेही मोजता येते. दोन कॅट मिसळलेले असतात, त्यामुळे बदामची छक्की-सत्ती हातात असेल तर बदामची पंजी आणि अठ्ठी मिळून चार पत्ते कामाचे. छक्की आणि अठ्ठी असेल तर मधल्या सत्तीचे दोनच. असे चार-चार पत्त्यांचे दोन जोड असलेला हात खेळावा. दोन-दोन पत्त्यांचे दोन जोड आणि बाकी चित्रे असलेला हात टाकावा. कडेची जोडीही फसवी असते: राणी-राजाला खाली गुलाम आणि वर एक्का चालतो म्हणून ती चार पत्त्यांची दिसते, पण तिची वाट पाहताना वीस गुण अंगावर राहतात.

मिडल ड्रॉपचे गणित मात्र उलटे फिरते. चाळीस देऊन सुटायचे तर, दोघांच्या डावात हार ६० ची धरल्यास, खेळत राहण्यासाठी शंभरात सुमारे २२ वेळाच जिंकावे लागते. म्हणजे पहिल्या क्षणी जो हात टाकायला हवा होता, तोच चार पत्ते उचलल्यावर बहुधा टाकू नये. फक्त हार पूर्ण ८० ची दिसत असेल तर गरज ३६ वर चढते आणि मिडल ड्रॉपला अर्थ येतो. पूल रमीत हे आकडे गुणफलकाप्रमाणे सरकतात. १०१ गुण झाले की बाद होण्याच्या पूलमध्ये ८० गुणांवर असलेल्याला एक ड्रॉप परवडतो, ८१ वर असलेल्याला एकही नाही. त्याने अधलेमधलेच काय, वाईट पत्तेही खेळावे लागतात.

पोकर: लहान बेटांचे टेबल

ठरीव बेटांच्या पोकरमध्ये, ज्याला लिमिट म्हणतात, प्रत्येकाला दोन पत्ते मिळतात आणि टेबलवर पाच उघडे पडतात: आधी तीन, मग एक, मग शेवटचा एक. बोलीच्या चार फेऱ्यांपैकी पहिल्या दोन लहान बेटीच्या आणि शेवटच्या दोन दुप्पट बेटीच्या असतात. बेट ठरीव असल्याने कुणालाही धाक घालून बाहेर काढता येत नाही. लहान रकमेच्या टेबलांवर त्यामुळे एका डावात पाच-सहा जण राहतात आणि मधला ढीग, म्हणजे पॉट, बेटीच्या मानाने पटकन फुगतो.

सुरुवातीच्या फेरीत राजा-दश्शी, एक्का-छक्की, राणी-नव्वी असे हात चांगले दिसतात. त्यांचा दोष जिंकताना दिसत नाही, हरताना दिसतो. राजा-दश्शीला टेबलवर राजा मिळाला की खेळणारा शेवटपर्यंत जातो, आणि जो त्याच्याबरोबर आनंदाने पैसे घालत राहतो त्याच्याकडे राजा-राणी किंवा राजा-एक्का निघतो. राजा-राणीसमोर राजा-दश्शी चारातून साधारण एकदाच जिंकते. लहान पॉट जिंकायचे आणि मोठे हरायचे, असा या हातांचा स्वभाव असतो. आधी कुणी बेट वाढवली असेल, किंवा बोलणारे अजून बरेच मागे असतील, तर हे पत्ते टाकून देण्यात काहीच जात नाही, कारण अजून काही घातलेलेच नसते. शेवटी बोलायची पाळी असेल आणि कुणी बेट वाढवली नसेल, तर तेच पत्ते खेळता येतात.

तीन पत्ते उघडल्यावर निर्णय जवळजवळ भागाकाराचा होतो. मधली कडी हवी असलेल्या सिक्वेन्सला ४७ न दिसलेल्या पत्त्यांतले चार उपयोगी, म्हणजे साडेआठ टक्के. सुमारे अकरा बेट मध्ये असतील तरच एक बेट घालणे परवडते. बेट न वाढवता चौघे आले असतील तर मध्ये पाचच असतात, म्हणून टाकावे. वाढवलेल्या डावात सहा जण आले असतील तर बारा-तेरा असतात आणि तोच हात ठेवावा. कलर पुरा व्हायला एक पत्ता हवा असेल तर नऊ पत्ते उपयोगी, १९ टक्के. अशा हाताला लहान टेबलावर बहुधा कधीच टाकायचे नसते. ‘कलरच्या आशेवर बसू नये’ हा ज्येष्ठांचा सल्ला दोघांच्या डावात खरा, सहा जणांच्या डावात खोटा.

आणि शेवटची फेरी. मध्ये आठ मोठ्या बेट आहेत, एकट्या प्रतिस्पर्ध्याने बेट केली आहे असे धरून ती त्या आठांत मोजली, आणि हातात मधली जोडी आहे. एक बेट घालून नऊ मिळायचे असतील तर नवातून एकदा जिंकणे पुरते. आठ वेळा हरून एकदा जिंकणारा खेळाडू इथे तोट्यात नाही. चुकून बेट घातली तर एक जाते, चुकून पत्ते टाकले तर आठ जातात. ‘याच्याकडे आहेच’ असे ठामपणे सांगून पत्ते टाकणारा आठांतून सात वेळा बरोबर ठरला तरी तोट्यातच असतो. अशा माणसाला टेबलावर चाणाक्ष समजतात, ही या खेळातली एक गंमत आहे. हे गणित ठरीव बेटांचे आहे. पॉटइतकी बेट करता येते अशा खेळात तिसऱ्या हिश्श्याइतक्या वेळा जिंकावे लागते आणि तिथे शेवटी टाकणे बऱ्याचदा योग्य ठरते.

घातलेले पैसे हिशेबात धरू नयेत

‘इतके घातले, आता टाकून कसे चालेल?’ हे वाक्य तिन्ही खेळांत ऐकू येते आणि तिन्ही खेळांत चूक आहे. मध्ये पडलेले पैसे कुणी घातले याला अर्थ नाही. ते किती आहेत एवढाच अर्थ आहे. स्वतःचे दहा आणि दुसऱ्यांचे दहा हे एकाच ढिगात आहेत आणि जिंकणाऱ्याला सारखेच मिळतात.

ईटच्या परिसरातला सोयाबीनवाला शेतकरी ऑगस्टात पावसाचा खंड पडला की नेमका याच कोड्यात सापडतो. बियाणे, खत आणि दोन फवारण्यांचा खर्च झालेला असतो. तिसरी फवारणी करायची की नाही हे त्या खर्चावर ठरत नाही. त्या एका फवारणीला काय लागेल आणि तिच्यामुळे किती पोती जास्त येतील, एवढ्यावरच ठरते. जो मागचा खर्च वसूल करायला पुढचा खर्च करतो, त्याला दोन्ही सोसावे लागतात.

इथे एक चकवा मात्र लक्षात ठेवावा लागतो. घातलेले पैसे विसरायचे म्हणजे पॉट विसरायचा नाही. पॉट मोठा असण्याचे एक कारण स्वतःचे घातलेले पैसे हेच असते, म्हणूनच शेवटच्या फेरीत राहणे योग्य ठरते. निर्णय तोच येतो, पण कारण वेगळे असते, आणि लहान पॉटमध्ये चुकीच्या कारणाने चुकीचा निर्णय होतो.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे. पत्ते खरोखरच सीमेवर असतील तर खेळले काय नि टाकले काय, सारखेच. मग इतका खल कशाला? तात्त्विकदृष्ट्या हे खरे आहे. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या संशोधकांनी जानेवारी २०१५ मध्ये दोघांचे ठरीव बेटांचे टेक्सास होल्डेम, म्हणजे वर सांगितलेले पोकर, सोडवल्याचे जाहीर केले. त्यांचा ‘सेफियस’ हा प्रोग्रॅम काही सीमेवरचे हात कधी खेळतो, कधी टाकतो. तिथे दोन्हींची किंमत जवळपास सारखीच असते. पण माणसाच्या चुका नेमक्या सीमेवर पडत नाहीत. सीमेवरचे म्हणून तो जे पत्ते ठेवतो त्यांतले बरेच सीमेच्या खाली असतात, आणि त्याची चूक नेहमी एकाच दिशेची असते, राहण्याची. दर वेळी थोडेच जाते खरे, पण असे हात रात्रीतून एकदा नाही, दर दोन-तीन डावांना येतात.

दुसरा आक्षेप असा की सतत टाकणाऱ्याला सगळे ओळखतात आणि त्याने चाल केली की उठून जातात. कसलेल्या खेळाडूंत हे घडते. लहान टेबलावर बहुतेक जण स्वतःच्या पत्त्यांतच इतके गुंतलेले असतात की कोण किती टाकतो हे मोजायला कुणाला सवड नसते. त्यातूनही कुणी मोजलेच, तर त्याच्यासमोर राजाचा हात घेऊन दोन चाली करायची संधी मिळते. टाकण्याची ख्याती कधीमधी थाप मारायला उपयोगी पडते.

थाप मारून दुसरा आपल्याला उठवेल, ही भीती तिसरी. ठरीव बेटांत ती फार बाळगायचे कारण नाही, कारण शेवटी क्वचितच पत्ते टाकणाऱ्यावर थाप चालत नाही. उलट, रात्रभर गप्प बसलेल्या माणसाने शेवटून दुसऱ्या फेरीत बेट वाढवली तर ती थाप बहुधा नसतेच. तिथे मात्र अपवाद म्हणून अधलेमधले पत्ते टाकावेत, पॉट कितीही मोहक दिसला तरी.

कंटाळ्याचा आक्षेप राहतो. करमणुकीसाठी बसलेल्याने चार डावांतले तीन टाकून भिंतीकडे बघत बसावे का? करमणुकीची किंमत द्यायला हरकत नाही. मात्र ती करमणुकीच्या खात्यात लिहावी; तिला हिंमत किंवा अंदाज अशी नावे देऊ नयेत.

नाल

घरच्या डावात मध्ये पडलेले सगळे जिंकणाऱ्याला मिळतात. अड्ड्यावर आणि कॅसिनोत तसे नसते. जागा देणारा प्रत्येक पॉटमधून आपला हिस्सा काढतो. गावाकडे त्याला नाल म्हणतात. चार बेटच्या पॉटसाठी एक बेट घालायची असेल तर पाचातून एकदा, म्हणजे २० टक्के वेळा जिंकावे लागते. पॉटमधून दहा टक्के नाल गेली तर हाती साडेचारच येतात आणि गरज २२ टक्क्यांवर जाते. फरक दिसायला लहान, पण तो नेमका सीमेवरच्या पत्त्यांच्या वाट्याला येतो: जे पत्ते जेमतेम परवडत होते ते सगळे तोट्यात जातात. रक्कम लहान असेल तिथे नालेचे प्रमाण सहसा मोठे असते, म्हणून लहान टेबलांवर सुरुवातीला आणखी जास्त टाकावे लागते. सारख्याच कसबाची पाच माणसे नालेच्या टेबलावर बसली तर पाचही जण सरासरीने हरतात.

कौशल्य, नशीब आणि कायदा

भूम तालुका ज्यात येतो तो उस्मानाबाद, आताचा धाराशिव, जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि तिथे हैदराबादचा फसली सन १३०५ चा जुगार कायदा लागू होता. त्याच कायद्याखालचा, सिकंदराबादच्या एका क्लबातल्या रमीचा खटला पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला. १९६७ च्या निकालात न्यायालयाने रमीला प्रामुख्याने कौशल्याचा खेळ ठरवले, कारण पडलेले पत्ते लक्षात ठेवावे लागतात आणि कोणते ठेवायचे, कोणते टाकायचे यात कसब लागते. त्याच निकालात तीन पत्त्यांच्या खेळाला निव्वळ नशिबाचा खेळ म्हटले आहे.

पत्त्यांपुरते पाहिले तर ही विभागणी बरोबर आहे. तिरटमध्ये पत्ता बदलता येत नाही. पण सगळे पत्ते एकदम टाकण्याचा निर्णय या तर्कात धरलेला नाही. दुर्रीची जोडी एका गड्यासमोर टाकावी आणि दुसऱ्यासमोर ठेवावी, हे ओळखणे नशिबाचे काम नाही. तिरटमध्ये कौशल्य आहे, पण ते एवढ्या एकाच निर्णयात एकवटलेले आहे, आणि अड्ड्याची नाल ते खाऊन टाकते. त्यामुळे न्यायालयाच्या निष्कर्षाने व्यवहारात फारसा अन्याय होत नाही, कारणमीमांसा मात्र अपुरी राहते.

महाराष्ट्रात आज १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे. त्याच्या कलम १३ ने निव्वळ कौशल्याच्या खेळांना वगळले आहे. तिरटचा अड्डा मात्र गुन्ह्यात बसतो. मोबाईलवरच्या रमी आणि पोकरपुरता हा वाद ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मिटवला: नव्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आणि खेळ कौशल्याचा की नशिबाचा हा प्रश्न तिथे गैरलागू ठरवला.